लग्न लावतं कोण, मोडतं कोण? खानदेशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या लेकीबाळींनी, त्यांच्या आईबापांनी, भावांनी आणि कधीकधी पंचांनीही विचारलेले हे प्रश्न आहेत. मी वकिली करते. कायदेविषयक शिबिरांत बसते तेव्हा लोक पिशवीतून घडी घातलेले कागद काढतात आणि मग बोलायला लागतात. उत्तरं शक्य तितकी सरळ लिहिली आहेत. जिथे माझं मत आहे तिथे ते माझं मत म्हणूनच वाचा. तुमच्या प्रकरणात नेमकं काय करायचं, हे तुमचे कागद बघूनच ठरेल.

लग्न हा धर्माचा मामला. त्यात सरकार आणि कोर्ट कुठून आलं?

मंगलाष्टकं, निकाह, चर्चमधलं लग्न, पंचांसमोरचं लग्न, यांत कोर्ट पडत नाही. प्रश्न येतो त्यानंतर. नवरा वारला तर पेन्शन कोणाला? सातबाऱ्यावर नाव कोणाचं लागणार? बायकोला हाकललं तर तिने खायचं काय, आणि लेकरू कोणाकडे राहणार? ही सगळी कामं सरकारी दप्तरात होतात आणि वाद झाला तर न्यायाधीशापुढे जातात. त्यामुळे कोणाचं लग्न उभं आहे आणि कोणाचं संपलं, हे ठरवण्याचा अधिकार सरकार धर्माच्या किंवा जातीच्या हाती पूर्ण सोडू शकत नाही.

ही ओढाताण जुनी आहे. इंग्रजांच्या १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनमध्ये जातीच्या भानगडीत कोर्टाने पडू नये असं ठरलं होतं. पुढे १८७६ मध्ये, नवरा जिवंत असताना जातीच्या परवानगीने दुसरं लग्न लागल्याचं प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. लग्न मोडण्याचा किंवा पुनर्विवाहाची परवानगी देण्याचा जातीचा अधिकार आम्ही मानत नाही, असं न्यायालयाने सांगितलं. दीडशे वर्षं होत आली, आणि आपल्याकडे तीच परवानगी अजून पंचांकडूनच घेतली जाते.

आणखी एक गोष्ट आपल्या भागात फार थोड्यांना माहीत असते. पूर्व आणि पश्चिम खानदेश तेव्हा मुंबई प्रांतात होते. या प्रांताने १९४६ मध्ये हिंदूंच्या द्विभार्येवर बंदी घातली आणि १९४७ मध्ये हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला. देशभरचा हिंदू विवाह कायदा आला १९५५ मध्ये. म्हणजे कोर्टातून रीतसर घटस्फोट मागण्याची वाट खानदेशातल्या हिंदू बाईला देशातल्या बहुतेक बायकांच्या आधी मिळाली होती.

आमच्यावर नेमका कोणता कायदा लागतो?

हिंदू, बौद्ध, जैन, शीख असाल तर हिंदू विवाह कायदा, १९५५. मुसलमानांना मुस्लिम व्यक्तिगत कायदा, त्यासोबत १९३७ चा शरियत कायदा, १९३९ चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा आणि २०१९ चा तीन तलाकविरोधी कायदा. ख्रिस्ती असाल तर लग्नाला १८७२ चा आणि घटस्फोटाला १८६९ चा कायदा. पारशांचा १९३६ चा. कोणत्याही धर्माच्या किंवा कोणताच धर्म न मानणाऱ्या दोघांना विशेष विवाह कायदा, १९५४. आदिवासींचं वेगळं आहे, ते पुढे सविस्तर लिहिलं आहे.

पोटगीचं कलम (आधी फौजदारी प्रक्रिया संहितेचं १२५, १ जुलै २०२४ पासून नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १४४) आणि २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा मात्र जात-धर्म न विचारता सगळ्यांना लागू आहेत. बाकी सगळं विसरलात तरी एवढं लक्षात ठेवा.

“पंचस्नी फारकत करी दिन्ही, आते कोर्टमा कसाले जानं?”

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच.

तो कागद कसा असतो ते आधी सांगते, कारण मी असे पुष्कळ पाहिले आहेत. शंभराचा स्टॅम्प. कोपऱ्यात नोटरीचा गोल शिक्का. मजकूर साधारण असा: “आजपासून आम्हा उभयतांचा पतिपत्नी म्हणून काहीएक संबंध राहिलेला नाही. लिहून देणार हिने पोटगी, दागदागिने, भांडीकुंडी व स्थावर मिळकत याबाबत कोणताही हक्क सांगू नये. उभयता पुढील विवाह करण्यास मोकळे आहेत.” खाली पाच पंचांच्या सह्या, मुलाची सही, मुलीच्या बापाची सही. सगळ्यात शेवटी, उरलेल्या जागेत, मुलीची सही किंवा अंगठा. तू हा कागद वाचलास का, असं विचारलं की बहुतेक मुली बापाकडे बघतात.

तुम्ही हिंदू विवाह कायद्याखाली येत असाल तर या कागदाने तुमचं लग्न आपोआप संपत नाही. नोटरीचा शिक्का म्हणजे सही तुमचीच आहे एवढंच. नोटरी घटस्फोट देऊ शकत नाही, तहसीलदार देऊ शकत नाही, ग्रामपंचायत देऊ शकत नाही. कायद्याच्या नजरेत दोघं अजून नवरा-बायकोच असतात.

याचा फटका वर्षं उलटल्यावर बसतो. मुलगा दुसरं लग्न करतो, नोकरीला लागतो, वारतो, आणि पेन्शनच्या कागदावर दोन नावं येतात. किंवा मुलीचं दुसरं लग्न होतं, खटका उडतो, आणि दुसरा नवरा कोर्टात म्हणतो की हिचं पहिलं लग्न मोडलेलंच नाही, ही माझी बायकोच नव्हे. पंच तोवर म्हातारे झालेले असतात, एखाददुसरा गेलेला असतो. साक्षीला कोणी येत नाही.

पोटगीपुरतं एवढं सांगते: लग्न टिकून असताना दडपणाखाली “पोटगी सोडली” असं लिहून दिलं, तरी तेवढ्याने तो हक्क जात नाही. तो कागद फाडू नका, जाळू नका. वकिलाला दाखवा.

मग रूढीने झालेला घटस्फोट कधीच चालत नाही का?

चालतो, पण अपवाद म्हणून. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९(२) मध्ये रूढीने मिळणारा घटस्फोट राखून ठेवला आहे. पंच मंडळी याच ओळीवर बोट ठेवतात आणि ती ओळ खरीच आहे. मात्र आपल्या समाजात अशी रूढी आहे हे नुसतं म्हणून भागत नाही. ती जुनी आहे, सतत पाळली जाते, तिचे नियम ठरलेले आहेत आणि ती सार्वजनिक नीतीच्या विरुद्ध नाही, हे सगळं तिचा आधार घेणाऱ्याने कोर्टात सिद्ध करायचं असतं. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये यमनाजी जाधव विरुद्ध निर्मला या प्रकरणात हेच सांगितलं: रूढीने घटस्फोट ही सर्वसाधारण कायद्याला सोडून असलेली गोष्ट आहे, म्हणून ती आधी मांडली आणि मग शाबीत केली पाहिजे.

ज्यांच्या समाजात अशी रीत खरोखर पिढ्यान् पिढ्या आहे त्यांनी दिवाणी किंवा कौटुंबिक न्यायालयातून तसं जाहीर करून घ्यावं. दोघंही राजी असतील तर त्यापेक्षा संमतीने घटस्फोट सोपा पडतो.

इथे पंचांच्या बाजूनेही बोललं पाहिजे. वरच्या जातींतल्या बाईला धर्मशास्त्राने बाहेर पडायला दारच ठेवलं नव्हतं. विधवेचा पुनर्विवाह कायदेशीर व्हायला १८५६ उजाडलं. त्याच काळात खानदेशातल्या कितीतरी जातीजमातींत फारकत होती, पाट होता, गंधर्व होता. टाकलेली किंवा विधवा बाई पुन्हा घर मांडू शकत होती. पोथीपेक्षा जातीची रीत त्या बाईला जास्त माणुसकीने वागवत होती, हे खरं आहे. माझी तक्रार एवढीच आहे की त्या बैठकीत तिला बसायला जागा नव्हती, आणि बऱ्याच ठिकाणी अजूनही नाही.

फारकतीनंतर गंधर्व लावला. गुन्हा होतो का?

पहिलं लग्न कायद्याने संपलेलं नसेल तर होऊ शकतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली द्विभार्येला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. दुसरं लग्न रद्दबातल ठरतं. त्या लग्नातली मुलं मात्र हिंदू विवाह कायद्याच्या कलम १६ प्रमाणे औरस मानली जातात आणि आईबापांच्या मिळकतीत त्यांना हक्क असतो. अडकते ती दुसरी बायको, जिला अनेकदा पहिल्या लग्नाची कल्पनाही दिलेली नसते.

आम्ही पावरा आहोत, भिल्ल आहोत, मावची आहोत. आमचंही असंच का?

नाही. तुमच्या बाबतीत चित्र उलटं आहे, आणि वकिलांचाही इथे गोंधळ उडतो.

हिंदू विवाह कायद्याच्या कलम २(२) मध्ये स्पष्ट लिहिलं आहे की केंद्र सरकारने अधिसूचना काढल्याशिवाय हा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही. म्हणजे धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर, साक्री, शिरपूर, चोपडा, यावल या पट्ट्यातल्या आदिवासी जोडप्याचं लग्न जमातीच्या रिवाजाने लागतं आणि रिवाजानेच मोडतं. इथे पंचांचा निवाडा हीच कायद्याची वाट आहे. पेसा कायद्याने (१९९६, आदिवासी भागातल्या पंचायतींचा कायदा) अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला रूढी-परंपरा आणि तंटे मिटवण्याची पारंपरिक पद्धत जपायला सक्षम मानलं आहे, त्यामुळे या वाटेला आधारही आहे. वाद झालाच तर रिवाज काय आहे याचा पुरावा मात्र इथेही लागतो. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये एका संथाल नवऱ्याच्या प्रकरणात, जमातीत दुसरं लग्न निषिद्ध असल्याची रूढी सिद्ध झाली नाही म्हणून द्विभार्येचा गुन्हा मानला नव्हता. आपल्याकडच्या आदिवासी बाईलाही हा निकाल आडवा येतो: नवऱ्याने दुसरी आणली तरी द्विभार्येच्या गुन्ह्याखाली त्याला धरणं तिला कठीण.

आता देजाबद्दल. सातपुड्यात मुलाकडचे मुलीच्या बापाला देज देतात. बाहेरचे लोक याला ‘मुलगी विकणं’ म्हणतात, ते मला पटत नाही. हुंड्याने पिळलेल्या गावांतून आलेल्या माणसाने सातपुड्याला नीती शिकवू नये. पण देजाची दुसरी बाजू मी पाहिली आहे. मुलीला नांदायचं नसतं तेव्हा देज परत करायची वेळ येते. बापाने तो बैल घेण्यात, दवाखान्यात किंवा भावाच्या लग्नात कधीच खर्चून टाकलेला असतो. मग पंच बसतात, रात्रभर बोलणी चालतात. ती दुसऱ्याकडे गेली तर झगडा तोडायचा म्हणून रक्कम ठरते. रक्कम ठरते पुरुषापुरुषांत. अंगावर मार खाऊन आलेली मुलगी ओसरीच्या कोपऱ्यात बसून असते, आणि “पोरीला विचारा” असं कोणी म्हटलं तर ती रात्र निराळी जाते. अशीही गावं आहेत जिथे म्हातारे पंच आधी पोरीलाच विचारतात. रिवाज मोडायची गरज नाही. असे पंच वाढायला हवेत.

पोटगी, घरात राहण्याचा हक्क आणि मारहाणीपासून संरक्षण यांसाठी आदिवासी बाई सरळ कोर्टात जाऊ शकते. रिवाज तिला अडवू शकत नाही. आणि जोडप्याला हवं असेल तर विशेष विवाह कायद्याखाली लग्न करता येतं किंवा झालेलं लग्न त्याखाली नोंदवता येतं. मग घटस्फोटही त्याच कायद्याने होतो.

आम्ही तडवी. जमात म्हणून दाखला आहे आणि निकाहही होतो. मग?

अनुसूचित जमात म्हणून मिळणाऱ्या सवलती एकीकडे आणि लग्नाचा कायदा दुसरीकडे. १९३७ च्या शरियत कायद्यात हिंदू विवाह कायद्यासारखी जमातींना वगळणारी ओळ नाही. त्यामुळे निकाहाने लागलेल्या लग्नाला मुस्लिम कायदा लागतो असं धरून चाला. रावेर-यावलकडच्या तडवी भगिनींनी निकाहनामा जपून ठेवावा. दाखल्याइतकाच तो कामाचा आहे.

तोंडी तीन तलाक बंद झाला. मग तलाक आता कसा होतो?

सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०१७ रोजी शायरा बानो प्रकरणात, तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने, एका झटक्यातला तीन तलाक रद्द ठरवला. २०१९ च्या कायद्याने तो गुन्हा झाला, तीन वर्षांपर्यंत कैद. व्हॉट्सॲपवर पाठवला, चिठ्ठी लिहिली, फोनवर म्हटलं, काहीही केलं तरी लग्न मोडत नाही.

टप्प्याटप्प्याने, इद्दतीचा (तलाकनंतर बाईने थांबायचा) काळ मधे ठेवून दिलेला तलाक अजून चालतो. पण तिथेही मनमानी चालत नाही. आपले तिन्ही जिल्हे ज्या औरंगाबाद खंडपीठाखाली येतात, तिथल्या पूर्णपीठाने २००२ मध्ये लातूरच्या दगडू पठाण प्रकरणात सांगितलं की तलाकला रास्त कारण हवं, आधी दोन्हीकडच्या मध्यस्थांनी समेटाचा प्रयत्न झालेला असावा, आणि हे सगळं पुराव्याने सिद्ध व्हायला हवं. कोर्टात दिलेल्या लेखी उत्तरात “मी हिला तलाक दिला आहे” एवढं लिहून काम भागत नाही. हा निकाल शायरा बानोच्या पंधरा वर्षं आधीचा आणि आपल्या मराठी मुलखातला आहे.

बाईला स्वतःहून सुटायचं असेल तर ‘खुला’ आहे, दोघांच्या संमतीने ‘मुबारत’ आहे. नवरा ऐकतच नसेल तर १९३९ च्या कायद्याखाली कोर्टात जाता येतं: चार वर्षं बेपत्ता, दोन वर्षं खर्च दिला नाही, सात वर्षांची कैद, छळ, अशी कारणं त्यात आहेत.

निकाहाच्या वेळी मुलीकडच्यांनी एक गोष्ट करावी असं मी दर शिबिरात सांगते. निकाहनाम्यात मेहेरची रक्कम नीट लिहून घ्या, आणि ठरलेल्या परिस्थितीत तलाकचा अधिकार बायकोकडे सोपवल्याची अट, म्हणजे तलाक-ए-तफवीज, घालून घ्या. शरियतीत ती मान्य आहे. काझींना विचारा, नाही म्हणायचं कारण नाही.

२०१९ च्या कायद्याबद्दल माझं मत: तलाक रद्द ठरवणं योग्यच होतं, पण नवऱ्याला तुरुंगात घालून बायकोच्या घरात चूल पेटत नाही. त्याच कायद्यातलं कलम ५ (निर्वाहभत्ता) आणि कलम ६ (लहान मुलांचा ताबा) तिच्या रोजच्या उपयोगाचं आहे, आणि त्याचीच चर्चा सगळ्यात कमी झाली. शिवाय तलाक न म्हणताच बायकोला माहेरी सोडून देणारे पुष्कळ आहेत. त्यांना हा कायदा शिवत नाही. हे दुखणं हिंदूंतही तेवढंच आहे.

या लढ्याची सुरुवात मराठीतून झाली हेही सांगायला हवं. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई सात मुस्लिम बायकांना घेऊन मुंबईत विधानभवनावर गेले. मागणी होती तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करण्याची. १९७० मध्ये त्यांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. कोर्टाला तिथवर यायला एक्कावन्न वर्षं लागली.

तलाक झालेल्या मुस्लिम बाईला पोटगी इद्दतीपुरतीच मिळते ना?

नाही. शाहबानो प्रकरणानंतर (१९८५) आलेल्या १९८६ च्या कायद्यामुळे हा समज पसरला. २००१ मध्ये डॅनियल लतीफी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नवऱ्याने पुढच्या आयुष्याची रास्त तरतूद इद्दतीच्या मुदतीतच करून द्यायची आहे. १० जुलै २०२४ च्या निकालात हेही स्पष्ट झालं की तिला पोटगीचं सर्वसाधारण कलमही खुलं आहे.

काझी, दारुल कझा किंवा चर्चने दिलेला निर्णय कोर्ट मानतं का?

दारुल कझा (मुस्लिमांचं धार्मिक न्यायमंडळ) किंवा फतव्याला कायद्याचं बळ नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलं. सल्ला म्हणून घ्या, मान्य असेल तर पाळा. तुमच्यावर लादता येत नाही. चर्चचंही तेच. चर्चच्या न्यायासनाने लग्न रद्द ठरवलं तरी दिवाणी कायद्यात ते उभंच राहतं, हे १९९६ मध्ये ठरलं आहे. नवापूरकडच्या ख्रिस्ती कुटुंबांनी हे ध्यानात ठेवावं, कारण तिथे चर्च, जमातीचे पंच आणि कोर्ट अशी तीन दारं एकाच घरापुढे असतात. ख्रिस्ती घटस्फोटाचा कायदा तर २००१ पर्यंत असा होता की नवऱ्याला बायकोचा व्यभिचार दाखवणं पुरे, पण बायकोला नवऱ्याच्या व्यभिचारासोबत छळ किंवा टाकून देणंही सिद्ध करावं लागे. ही असमानता संसदेने काढायला एकशे बत्तीस वर्षं घेतली.

नवऱ्याच्या वकिलाकडून “नांदायला ये” अशी नोटीस आली. जावंच लागतं का?

पोलीस कोणाला उचलून सासरी नेऊन सोडू शकत नाहीत. घाबरू नका, पण नोटिशीला उत्तर द्याच.

हा दावा आपल्या कोणत्याही धर्मातून आलेला नाही. तो इंग्लंडच्या चर्चच्या कोर्टांतून इथे आला. १८८४ मध्ये दादाजी भिकाजींनी रखमाबाईंवर मुंबईत हाच दावा लावला होता. रखमाबाईंनी नांदायला जाण्यापेक्षा तुरुंगात जायची तयारी दाखवली. पुढे त्या डॉक्टर झाल्या. इंग्लंडने हा दावा १९७० मध्ये बंद केला. आपल्याकडे तो हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ मध्ये अजून आहे, आणि वापरला जातो तो बहुधा पोटगी टाळायला. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की असा हुकूम झाला आणि बायको गेली नाही, एवढ्यावरून पोटगी नाकारता येत नाही. न जाण्याचं तिचं कारण बघावं लागतं. मारहाणीची चिठ्ठी, दवाखान्याचे कागद, पोलीस ठाण्यातल्या अर्जाची पोच, सगळं जपा.

मुलगी सुरतेला दिली होती. खटल्यासाठी दर तारखेला उधन्याला जायचं का?

नाही. पोटगीचा अर्ज ती जिथे राहते तिथे करता येतो. हिंदू विवाह कायद्याखालची याचिकासुद्धा २००३ च्या दुरुस्तीनंतर बायको स्वतः राहते त्या ठिकाणी दाखल करू शकते. साक्रीला माहेर असेल तर धुळे जिल्ह्यातच दावा चालेल.

संमतीने घटस्फोट किती दिवसांत होतो?

एक वर्ष वेगळं राहिल्यावर अर्ज, मग सहा महिन्यांची वाट. ही वाट कोर्ट माफ करू शकतं, २०१७ पासून. दोघांच्या अटी आधीच लिहून ठरलेल्या असतील तर काम लवकर उरकतं. स्त्रीधनाची यादी अटींत घाला. बायका पोटगीवर भांडतात आणि स्वतःचे दागिने विसरतात.

वेगळ्या जातीत, वेगळ्या धर्मात लग्न करायचं आहे.

वेगळी जात, धर्म हिंदूच असेल तर हिंदू विवाह कायद्याखाली करा. विधी मात्र खरोखर करा: सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये सांगितलं आहे की विधी न करता नुसतं नोंदणीचं प्रमाणपत्र काढलं तर ते लग्न होत नाही.

धर्म वेगळे असतील तर धर्म बदलायची गरज नाही, विशेष विवाह कायदा आहे. मुलगा २१, मुलगी १८, दोघांपैकी एक जण त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहिलेला, विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस, ३० दिवस थांबणं, मग तीन साक्षीदारांसमोर लग्न. अडचण आहे ती नोटिशीची. ती जाहीर लागते आणि घरी बातमी पोचते. धर्माप्रमाणे लग्न करणाऱ्या जोडप्याला कोणी महिनाभर आधी फलकावर लावत नाही. ही अट संसदेने काढून टाकली पाहिजे असं माझं ठाम मत आहे. तोवर, धोका वाटत असेल तर आधीच वकिलाला भेटा आणि पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज द्या. सज्ञान जोडप्याच्या लग्नात जातीच्या किंवा गावाच्या बैठकीने अडथळा आणणं बेकायदेशीर आहे, हे २०१८ च्या शक्ती वाहिनी निकालात स्वच्छ म्हटलेलं आहे.

पंचांचं ऐकलं नाही तर वाळीत टाकतील.

टाकतील, तर तो गुन्हा आहे. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा केला, तो ३ जुलै २०१७ पासून लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. लग्नकार्याला न बोलावणं, मयतीला खांदा न देणं, दंड भरून ‘जातीत घेणं’, हे सगळं यात येतं. पुरावा ठेवा: व्हॉट्सॲप ग्रुपवरचे मेसेज, दंडाची पावती, बैठकीला कोण कोण होतं त्यांची नावं.

समान नागरी कायदा आला म्हणजे हे सगळं सुटेल का?

राज्यघटनेच्या ४४ व्या कलमात तो लिहिलेला आहे. उत्तराखंडात २७ जानेवारी २०२५ पासून तसा कायदा लागू झाला, पण तिथेही अनुसूचित जमाती बाहेरच ठेवल्या आहेत. २१ व्या विधी आयोगाने २०१८ मध्ये म्हटलं होतं की सध्याच्या घडीला असा कायदा आवश्यकही नाही आणि इष्टही नाही. आधी प्रत्येक व्यक्तिगत कायद्यातला बायकांवरचा अन्याय काढा.

मला आयोगाचं म्हणणं पटतं, पण एक जोड देऊन. १९५१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात, न्यायमूर्ती छागला आणि गजेंद्रगडकर यांच्यासमोर, नरसू अप्पा माळी प्रकरण आलं. तिथे ठरलं की व्यक्तिगत कायदे मूलभूत हक्कांच्या कसोटीवर तपासता येत नाहीत. त्या निकालाची सावली अजून गेलेली नाही. ती जायला हवी. लग्न हवं त्या विधीने लावा. पण त्यातून बाहेर पडताना बाईला स्वतःच्या नावाने अर्ज करता यावा, तिचं ऐकलं जावं, आणि निर्णय देणाऱ्याला वर कोणाला तरी जाब द्यावा लागावा. काझींना, पाद्रींना, पंचांना वर कोणी विचारणारं नाही. न्यायाधीशाला आहे, अपील आहे. सातपुड्यातल्या बाईला उद्या नवा कायदा आणला आणि तालुक्याचं कोर्ट साठ किलोमीटरवर ठेवलं, तर ती पुन्हा पंचांकडेच जाईल, आणि मी तिला दोष देणार नाही.

धर्माच्याच हाती लग्न आहे असे देश आहेत का?

आहेत. इस्रायलमध्ये देशात दिवाणी लग्नच नाही. ज्यूंची लग्नं आणि घटस्फोट रब्बींच्या हाती. नवऱ्याने घटस्फोटाचा ‘गेट’ दिला नाही तर बाई वर्षानुवर्षं अडकून पडते. याची झळ मराठी माणसांनीही सोसली आहे. कोकणातून तिकडे गेलेल्या बेने इस्राएल लोकांच्या लग्नाला १९६० च्या सुमारास रब्बींनी हरकत घेतली: यांच्या मागच्या पिढ्यांचं ज्यूपण तपासा म्हणाले. घरात मराठी बोलणाऱ्या त्या माणसांनी जेरुसलेममध्ये धरणं धरलं, आणि १९६४ मध्ये तिथल्या संसदेला त्यांच्या बाजूने ठराव करावा लागला. लेबनॉनमध्येही दिवाणी लग्न होत नाही. लोक सायप्रसला जाऊन करून येतात. उलट तुर्कस्तानने १९२६ मध्येच लग्नाचा कायदा धर्मापासून वेगळा काढला. आयर्लंडमध्ये घटस्फोटाला १९९५ च्या सार्वमताने वाट मिळाली, माल्टात २०११ मध्ये.

मुलगी अठराच्या आत आहे, पण समाजात चालतं.

बालविवाह प्रतिबंधक कायदा (२००६) समाज विचारत नाही. गावात ग्रामसेवकाला कळवा किंवा १०९८ वर फोन करा. लग्न झालंच असेल तर सज्ञान झाल्यावर दोन वर्षांच्या आत मुलगी ते रद्द करून घेऊ शकते. ऊसतोडीला जाण्याआधी पोरीचं उरकून टाकायचं, हे कारण मी समजू शकते, मान्य करू शकत नाही.

वकिलाला द्यायला पैसे नाहीत.

बाईला उत्पन्नाची अट नाही. कोणत्याही बाईला, आणि अनुसूचित जाती-जमातीच्या कोणालाही, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच कार्यालय असतं, तालुक्याला तालुका विधी सेवा समिती असते. फोन १५१००. जाताना आधार कार्ड, लग्नपत्रिका, लग्नाचा एखादा फोटो, मुलांचे जन्मदाखले आणि नवऱ्याच्या कमाईचा जो मिळेल तो कागद (सातबारा, पगाराची स्लिप, दुकानाचा फोटो) न्या. फारकतीचा स्टॅम्प असेल तर मूळ प्रत तुमच्याकडेच ठेवा, झेरॉक्स द्या. अंतरिम पोटगीचा अर्ज पहिल्याच दिवशी घालायला सांगा. नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत त्यावर निर्णय व्हावा असं कायद्यात लिहिलेलं आहे, आणि तारीख पुढे ढकलली जात असेल तर हे कलम वकिलाने न्यायाधीशांपुढे वाचून दाखवावं.